हेगचा निकाल वाचायचा कसा

शनिवारी नौपाड्यात माझ्याकडे लॉची पाच-सहा मुलं येतात. "मॅडम, आंतरराष्ट्रीय न्यायाधीश कायदा लावतात की घडवतात?" हा प्रश्न दरवर्षी येतोच. मी त्यांना तांबडी पेन्सिल देते आणि पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्यातला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १७ जुलै २०१९ चा निकाल पुढ्यात ठेवते. कोर्ट नाक्यावर झेरॉक्स काढून घ्या, मोबाइलवर हे जमत नाही.

सुरुवात शेवटच्या पानांपासून करा. जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर पंधराविरुद्ध एक. तो एक म्हणजे पाकिस्तानचे तदर्थ, म्हणजे फक्त या खटल्यापुरते नेमलेले, न्यायाधीश. त्यांचं भिन्नमत आधी वाचा. बहुमताचा कच्चा दुवा विरोधकाला चटकन दिसतो.

मग वाणिज्य दूतसंबंधांवरच्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ शेजारी ठेवा; परदेशात अटक झालेल्याला आपल्या देशाच्या दूतावासाशी संपर्काचा हक्क ते देतं. आदेशातला जो शब्द करारात नाही, त्याखाली तांबडी रेघ. 'शिक्षेचा परिणामकारक फेरविचार' हे कलम ३६ मध्ये कुठेच नाही. मग आलं कुठून? दिलेले दाखले धरून मागे जा, ला ग्रँड या जर्मनी विरुद्ध अमेरिका खटल्यापर्यंत पोचाल.

इथे घाई करू नका. वॉल्टर ला ग्रँड या जर्मन नागरिकाची फाशी थांबवा, असं न्यायालयाने ३ मार्च १९९९ ला अमेरिकेला सांगितलं. त्याच दिवशी अॅरिझोनात त्याला मारलं गेलं. अंतरिम आदेश बंधनकारक होता का? न्यायालय ज्या नियमांवर चालतं त्या संविधीचं, अंतरिम उपायांबद्दलचं कलम ४१ इंग्रजीत 'घ्यायला हवेत' अशा सुरात बोलतं, फ्रेंचमध्ये 'घेतलेच पाहिजेत'. दोन्ही पाठ अधिकृत. २००१ मध्ये न्यायाधीशांनी कलमाचा हेतू पाहिला आणि ठरवलं: बंधनकारक. याला कुणी मर्यादा ओलांडणं म्हणतं. मला ते पटत नाही. माणूस मेल्यावर निकाल देऊन काय करायचं? मे २०१७ मध्ये जाधव यांच्या फाशीला एकमताने स्थगिती मिळाली, तेव्हा न्यायालयाने याच निकालाचा आधार घेतला.

आता निळी पेन्सिल घ्या आणि न्यायाधीश जिथे थांबले तिथे खूण करा. शिक्षा रद्द करून जाधव यांना सोडा, ही भारताची मागणी त्यांनी मान्य केली नाही. मुलं ही जागा हमखास वगळतात.

शेवटी संविधीचं कलम ५९ काढा. निकाल त्या पक्षांपुरता आणि त्या खटल्यापुरताच, असं ते सांगतं. तरी निकालात जुने खटले किती वेळा येतात ते समासात मोजा, आणि पुढच्या शनिवारी ती पानं घेऊन या.