लाइन लॉक: पुढचे ब्रेक धरलेले, मागचे मोकळे

लाइन लॉक म्हणजे बटण दाबल्यावर पुढच्या ब्रेकमधला दाब धरून ठेवणारी विजेची झडप (सोलेनॉइड); शर्यतीआधी मागचे टायर जागेवर फिरवून तापवायला ती लागते. रस्त्यावरही चालवायच्या ड्रॅग कारवर (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीची गाडी) आधी ब्रेकची विभागणी, म्हणजे कोणती चाकं कोणत्या सर्किटवर आहेत, ते तपासा. पुढची दोन्ही चाकं एकाच सर्किटवर हवीत. तिरप्या विभागणीत (पुढचं एक चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका सर्किटवर) एक सोलेनॉइड पुरत नाही. मी तो पुढच्या लाइनवर, चाकांचे फाटे फुटण्याआधी बसवला, ‘इन’ लिहिलेलं तोंड मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग). नळी स्टीलची, डबल फ्लेअर (टोक फाकवून दुहेरी दुमडलेलं). फ्लेअरच्या जोडावर टेफ्लॉन टेप नकोच: तुकडे झडपेत अडकतात आणि दाब टिकत नाही.

१२ व्होल्टची वायर फ्यूजमधून घ्या. बटण सोडताच सुटणारंच हवं. चालत्या गाडीत ब्रेक दाबताना ते अडकून राहिलं तर पुढची चाकं सुटत नाहीत, जीवावर बेतू शकतं.

ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) सोलेनॉइडचा करंट बंद ठेवून करा. चाचणी: पेडल दाबा, बटण धरा, पेडल सोडा, फक्त पुढची चाकं जाम राहायला हवीत. पार्किंग ब्रेक म्हणून वापरू नका, सोलेनॉइडची कॉइल तापून जळते.