गावच्या टेनिस बॉल क्रिकेटवरून युनिव्हर्सिटीच्या क्रिकेट टीममध्ये कसं जायचं

बारावीचा निकाल लागला की आमच्या रत्नागिरीकडची दोन-तीन पोरं हमखास विचारतात, दादा युनिव्हर्सिटी खेळायचीय, काय करू? दरवेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी जिमखान्याच्या सरांना गाठा आणि सरळ विचारा, सर, कॉलेजकडून युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेला क्रिकेटची एन्ट्री जाते का? आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांचा जीव कबड्डी-खोखोत, लेदर बॉलची टीम काढायची म्हणजे किट आलं, गाडीभाडं आलं, मग कोण कशाला त्या भानगडीत पडतंय. आणि एन्ट्रीच नाही तर तुम्ही गावच्या चषकात सहा बॉलला सहा सिक्स मारा, बघणार कोण?

दुसरं म्हणजे कॉलेज कुठल्या विद्यापीठाचं ते बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आर्ट्स-कॉमर्स-सायन्सवाली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, पण दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि लोणेऱ्याचं बाटू, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं टेक्निकल विद्यापीठ, ही वेगळी विद्यापीठं. मुंबईच्या टीममध्ये घुसायचं तर शाळेपासून लेदर खेळलेल्या दादर-माटुंग्याच्या पोरांशी गाठ असते, छोट्या विद्यापीठात चान्स जास्त असं आपलं माझं मत. पुढचा रस्ता सगळ्यांना एकच, आधी वेस्ट झोन, म्हणजे पश्चिमेकडच्या विद्यापीठांची स्पर्धा, तिथून ऑल इंडिया, म्हणजे 1935 पासून चालू असलेली रोहिंटन बारिया ट्रॉफी. गावसकर पण मुंबई विद्यापीठाकडून खेळूनच वर आले, आणि 1971 ला वेस्ट इंडीजमध्ये चार टेस्टमध्ये 774 रन. मूळचे आपल्या वेंगुर्ल्याकडचे, हे सांगितल्याशिवाय आमच्याकडे कोणी गप्प बसत नाही.

आता गोम ऐका. विद्यापीठ मुंबईचं असलं तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गाची क्रिकेट असोसिएशन पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशनखाली येते, मुंबईच्या नाही. म्हणून कॉलेज चालू असतानाच जिल्ह्याच्या सिलेक्शनला पण जात राहा, अंडर-23 आणि पुढे रणजीची वाट तिकडून आहे.

खरा घाम लेदरवर निघतो. टेनिस बॉल 58 ग्रॅमच्या आसपास, लेदर 156 ते 163, जवळजवळ तिप्पट. टेनिसवर आपण खालच्या हाताने आडवं भिरकावतो आणि ते जातंही, लेदरवर तोच शॉट मारला की कड लागून बॉल स्लिपमध्ये. पावसात चार महिने ग्राउंडवर चिखल, तेव्हा मी जुना लेदर बॉल मोज्यात घालून पडवीच्या वाश्याला टांगायचो आणि फक्त वरच्या हाताने, म्हणजे राइटी असाल तर डाव्या, सरळ बॅटने रोज दोनशे वेळा मारायचो. आजी म्हणायची कौलं पाडशील रे! बॉल वाकडा गेला तर वाकडाच परत येतो, चूक लगेच कळते, कोच लागत नाही. पाऊस संपला की मॅटिंगवर खेळा, आणि मॅट कडक ताणलेली आहे का ते स्वतः बघा, जांभ्याच्या ग्राउंडवर मॅट सैल असली की एक बॉल गुडघ्याला आणि पुढचा हनुवटीला. हेल्मेट उसनं आणा पण आणा.

कागदांचं मात्र मनावर घ्या. रेग्युलर अ‍ॅडमिशन लागतं, वय 17 ते 25 मध्ये, दहावी-बारावीच्या मार्कशीट, फीची पावती, आयकार्ड सगळ्याच्या झेरॉक्स एका फाइलीत. माझ्या मार्कशीटवर आडनावात एक अक्षर जास्त होतं, कॉलेजात दोनदा सांगितलं तर म्हणाले बघू बघू, शेवटी एलिजिबिलिटी फॉर्म परत आला आणि ते अख्खं वर्ष मी बाऊंड्रीबाहेर बसून पाण्याच्या बाटल्या भरल्या. नाव आत्ताच तपासा, आज.

मुंबई विद्यापीठाच्या कोकण झोनच्या मॅचेसमध्ये चाललात की ट्रायलला मुंबईला बोलावणं येतं. तुतारी एक्सप्रेसने जा, पहाटे दादरला उतरवते, पण स्लीपर आधीच काढा, जनरलच्या गर्दीत किटबॅगवर बसून रात्र काढली की सकाळी पाय हलत नाहीत. उतरल्यावर आधी पोहे खा, मग ग्राउंड. आणि पॅड स्वतःचे न्या, तिथे मागितले तर मिळतात पण पट्टे तुटलेले.