ख्रिसमस ट्री फार्मवर कामाला जाताय? आधी झाडाचं वय मोजायला शिका

हॉर्टिकल्चरमध्ये मास्टर्स करताना मी नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिमेकडच्या डोंगरात एका ख्रिसमस ट्री फार्मवर दोनदा काम केलं, एकदा उन्हाळ्यात छाटणीला आणि एकदा नोव्हेंबरात तोडणीला. आता ज्युनिअर मुलंमुली विचारतात की जाण्याआधी काय माहिती हवी, म्हणून एकदाच नीट लिहिते.

पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच, झाड तयार व्हायला किती वर्षं? वाचायला जाल तर सरासरी ७, कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त १५ असं सापडेल. आकडा चूक नाही, पण मोजायला सुरुवात कुठून केली, बी पेरल्यापासून की शेतात लावल्यापासून, ते कोणी सांगत नाही आणि नवीन माणूस तिथेच फसतो. तोडणीच्या पहिल्याच दिवशी मी एका कापलेल्या बुंध्यावरची वर्तुळं (वर्षाला एक) बोटाने मोजली, ११ भरली. फार्मच्या वहीत तो प्लॉट लावून ८ वर्षं झालेली. मला वाटलं माझंच मोजायला चुकलं, म्हणून शेजारचा बुंधा मोजला, तर तिथेही ११! अगदी आतली वर्तुळं इतकी दाट की नखानेच वेगळी करावी लागतात. ती नर्सरीतली वर्षं. आणि अगदी सुरुवातीची दोन वर्षं तर वर्तुळांत दिसतही नाहीत, कारण तेव्हा रोप करवत लागली त्या उंचीपर्यंत पोचलेलंच नसतं. म्हणजे झाड खरं १३ वर्षांचं.

तिथे सगळीकडे फ्रेझर फर ही सूचिपर्णी जात लावतात, जी मुळात फक्त दक्षिण अॅपलेचियन डोंगरांच्या उंच माथ्यांवरच उगवते. बी आधी काही आठवडे ओलाव्यात थंड ठेवायचं, मग ते वाफ्यात पेरायचं. रोपं मागवताना 'थ्री-टू' असा शब्द ऐकू येईल, त्याचा अर्थ तीन वर्षं पेरणीच्या वाफ्यात आणि दोन वर्षं पुनर्लागवडीच्या वाफ्यात. एवढं करून हातात येतं ते जेमतेम वीतदीड वीत रोप! मग शेतात साधारण ५ बाय ५ फुटांवर लागवड, आणि पहिली एकदोन वर्षं वर काही हालचाल दिसतच नाही, सगळं काम मुळांचं चालू असतं. तेव्हा गवत वाढू दिलं तर रोप मागे पडतं ते पडतंच.

आता छाटणी, आणि यावर मी जरा जास्त बोलणार कारण खरं शिक्षण इथेच होतं. झाड जोमात आलं की मधला शेंडा, ज्याला लीडर म्हणतात, एका वर्षात बराच लांब जाऊ शकतो. मग तो का कापायचा, उंचीच तर हवी आहे ना? तर फांद्यांचं एक कडं (खोडाभोवती एकाच उंचीवर फुटलेल्या फांद्या) आणि त्याच्या वरचं कडं यात जेवढं अंतर तेवढी झाडात पोकळी दिसते, म्हणून लीडर साधारण फुटाभराचा ठेवतात आणि त्याच्यावरच्या डोळ्यांतून मधल्या फांद्या फुटतात. म्हणजे झाड भरगच्च दिसावं म्हणून त्याची उंची आपणच दरवर्षी रोखतो, आणि ६-७ फुटांना इतकी वर्षं लागतात त्याचं हे मोठं कारण. काप चांगल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका. मी एका अख्ख्या ओळीत तो डोळ्याला अगदी लागून घेतला, मुकादमाने थांबवलं तोवर तीसेक झाडं झाली होती. डोळा वाळला की दुसरी फांदी काठीला बांधून लीडर करावी लागते, म्हणजे झाडाचं जवळपास एक वर्ष गेलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं. बाजूच्या फांद्यांना लांब पात्याचा सुरा चालवतात, तेव्हा पायाला गार्ड लावल्याशिवाय सुरा हातात घेऊ नका, कोणी कितीही घाई करू दे.

सगळ्या जातींना एवढा वेळ लागत नाही. उबदार भागात व्हर्जिनिया पाइन किंवा लेलँड सायप्रस ४-५ वर्षांत विक्रीला येतात, स्कॉट्स पाइन ६-८ घेते. डेन्मार्कमध्ये नॉर्डमन फर लावतात, त्याचं बरंच बी जॉर्जिया देशातल्या (अमेरिकेतलं राज्य नव्हे) आंब्रोलाउरीच्या जंगलातून येतं, आणि तिलाही ८ ते १२ वर्षं लागतातच.

निचऱ्याकडे लक्ष द्या. फायटोफ्थोरा मुळकूज पाणी साचणाऱ्या भागात येते, झाड वरून फिकट पडतं मग तपकिरी, आणि एकदा जमिनीत शिरली की ती जात नाही. सहा वर्षांची झाडं उपटताना बघणं फार जड जातं. काहीजण मोमी फरच्या खुंटावर फ्रेझरचं कलम करतात, कारण मोमी त्या रोगाला सहसा बळी पडत नाही.

एवढी वर्षं लागतात म्हणून बाजारही उशिरा हलतो. २००८ च्या मंदीत अनेकांनी रोपं कमी लावली, त्याची टंचाई २०१६-१७ च्या आसपास जाणवली. २०२१ च्या जूनमध्ये ओरेगॉनमधल्या उष्णतेच्या लाटेत नवीन लावलेली रोपं करपली, ती विक्रीला आली असती ती या दशकाच्या शेवटी.

तर पहिल्या दिवशी कुठल्याही प्लॉटवर उभं राहून दोनच गोष्टी विचारा, लागवड कुठल्या साली झाली आणि रोप कुठलं होतं, थ्री-टू की आणखी काही. मग खाली वाकून फांद्यांची कडी मोजा, साधारण वर्षाला एक. छाटलेल्या झाडात मधल्या फांद्यांमुळे गोंधळ होतो, म्हणून फांद्या बाजूला सारून खोडाला हात लावत लावत वर जा.