मावाशी गेरी (कराटेतली बाजूने गोल फिरवून मारायची लाथ) वर जात नसेल तर आधी खुबा मोकळा करा

लाथ कमरेच्या वर जात नाही म्हणून बहुतेक जण मांडीच्या मागच्या शिराच ताणत बसतात. अडकलेला असतो खुबा.

जमिनीवर बसा. एक पाय पुढे, दुसरा बाजूला, दोन्ही गुडघे काटकोनात. बाजूच्या पायाचा गुडघा टेकलेलाच ठेवून फक्त त्याचं पाऊल उचला, 3 सेकंद धरा. प्रत्येक बाजूला 6 वेळा. धड एका बाजूला कलंडलं की खुब्याचं काम कंबर करते, मग उपयोग शून्य.

नंतर भिंतीला हात लावून दुमडलेला गुडघा बाजूला उचला, 10 सेकंद, 4 वेळा. उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे, म्हणजे जिकडे लाथ मारायची तिकडे, वळलीच पाहिजे, नाहीतर पीळ गुडघ्यात जातो.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात हे सकाळी सातच्या आत उरका. लांबलचक ताण सरावानंतरच.