इकीतोस ते बेलेम बोटीने: कमी पैशात जायचं तर आधी काय तयारी करायची

सगळ्यात आधी दिवस मोजा, पैसे नंतर. हा प्रवास पेरूतल्या इकीतोसपासून ब्राझीलमधल्या बेलेमपर्यंतचा आहे. अ‍ॅमेझॉनच्या काठची शहरं स्वस्तात करता येतात ती बोटीमुळेच आणि बोटीला वेळ लागतो, म्हणजे ब्राझीलच्या सीमेवरच्या ताबातिंगा ते मनौस प्रवाहाबरोबर गेलात तर तीन-चार दिवस, उलटं आलात तर सहा-सात, पुढे मनौस ते सांतारेम साधारण दीड दिवस आणि तिथून बेलेम अजून दोन. इकीतोसला तर पेरूच्या बाकी भागातून रस्ताच नाही, एक रस्ता आहे तो शंभरेक किलोमीटरवरच्या नाउतापर्यंत जाऊन संपतो, त्यामुळे विमान नाहीतर नदी. माझं स्पष्ट मत आहे की तीन आठवड्यांपेक्षा कमी सुट्टी असेल तर सगळा पट्टा करायला जाऊ नका, मनौस-सांतारेम-बेलेम एवढंच करा आणि परतीच्या विमानाआधी चार-पाच दिवस पूर्ण मोकळे ठेवा. बोट आज सुटणार म्हणून सांगतात आणि माल भरून झाला नाही म्हणून उद्या संध्याकाळी सुटते, हे होतंच.

महिना ठरवताना पाऊस बघू नका, नदीची पातळी बघा. मनौसला पाणी जूनच्या आसपास सगळ्यात वर असतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यात खाली, आणि हा फरक दहा मीटरच्या वर जातो, म्हणजे तीन मजली घर बुडेल एवढा. २०२१ मध्ये तिथे पातळी ३० मीटरवर गेली होती आणि २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं ती आजवरच्या नीचांकाला गेली, तेव्हा बोटी वाळूत अडकल्या, लहान गावांना पाणी-धान्य पोचेना. जूनमध्ये गेलात तर होडी झाडांच्या शेंड्यांमधून जाते, ते बघण्यासारखं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात सांतारेमजवळ आल्तेर दो शाओंला तापाजोस नदीतून पांढऱ्या वाळूचे किनारे वर येतात, पोहायचं असेल तर तेव्हा जा. पण ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी बेलेमला नाझारेच्या मातेची मोठी यात्रा असते, त्या आठवड्यात स्वस्त खोली मिळणं कठीण, आधी बुक केलं असेल तरच जा.

आता यलो फीव्हरची लस. हे मी परत परत सांगते कारण लोक व्हिसा-तिकिटाच्या गडबडीत विसरतात. पेरू, कोलंबिया, ब्राझील तिन्ही यलो फीव्हरच्या यादीत आहेत आणि तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड, म्हणजे सर्टिफिकेट, नसेल तर आपल्याच विमानतळावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नाही, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून महिनाभर आधी घ्या. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. इकीतोसच्या बाजूला मलेरिया आहे, त्याच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या.

ब्राझीलचा व्हिसा भारतीय पासपोर्टला लागतोच, तो आधी हातात घ्या. तीन देशांच्या तिठ्यावर, म्हणजे पेरूचं सांता रोसा, कोलंबियाचं लेतीसिया आणि ब्राझीलचं ताबातिंगा, तिथे लेतीसियातून ताबातिंगात चालत जाता येतं, मध्ये कोणी अडवत नाही आणि तिथेच घोळ होतो. शिक्के आपणहून जाऊन मारून घ्यावे लागतात. मी इकीतोसहून आले तेव्हा सांता रोसाला पेरूचा एक्झिटचा शिक्का न घेताच घाईत पलीकडे गेले, मग परत होडीचं भाडं देऊन मागे आले आणि त्या दिवशीची मनौसची बोट गेली ती गेलीच. आधी पेरूचा एक्झिट, मग ताबातिंगाला फेडरल पोलिसांकडे ब्राझीलची एन्ट्री, मगच बोटीचं तिकीट, हा क्रम मोडू नका. पुढे नदीत पोलीस बोटीवर चढून सगळ्यांच्या बॅगा उघडून बघतात, तेव्हा कोणाचंही पार्सल घेऊ नका आणि पेरूत सर्रास मिळणारा कोकाच्या पानांचा चहा तिथेच पिऊन संपवा, ब्राझीलमध्ये नेऊ नका.

बोटीवर झोपायला हॅमॉक, म्हणजे टांगायची झोळी, लागतो, तो घरून नेऊ नका. ताबातिंगा किंवा मनौसच्या बाजारात घ्या, जाळीचा नको, जाड कापडाचा घ्या आणि सोबत दोन दोऱ्या मागून घ्या, त्या वेगळ्या विकतात. त्याला पोर्तुगीजात म्हणतात रेदे पण उच्चार ‘हेजी’, नाहीतर दुकानदाराला कळत नाही. बोट सुटायच्या पाच-सहा तास आधी जाऊन जागा धरा, इंजिनपासून लांब, संडासापासून लांब, आणि दिव्याच्या बरोबर खाली नको कारण तो रात्रभर चालू असतो. माझ्या शेजारच्या काकूंनी मला गाठ दाखवली, दोरी वरच्या नळीवरून दोनदा फिरवायची, मग स्वतःच्याच पोटातून फास काढून ओढायची, जेवढं वजन पडेल तेवढी ती आवळते आणि उतरताना एका झटक्यात सुटते. झोपायचं तिरकं, सरळ झोपलं तर कंबर धरते. आणि पहाटे नदीवरचा वारा खरंच थंड असतो, दिवसा घामाच्या धारा लागल्या तरी, तर एक सोलापुरी चादर बॅगेत टाकाच. बाकी कानात घालायचे बोळे, टॉयलेट पेपर, स्लिपर, बॅग खांबाला बांधायला सायकलची साखळी, पाच लिटर पाण्याचा कॅन, इलेक्ट्रॉल. चार्जर दोन पिनांचा न्या, ब्राझीलच्या सॉकेटमध्ये तो बसतो, आपला तीन पिनांचा बसत नाही.

जेवण बहुतेक स्लो बोटींवर तिकिटातच असतं, भात, राजम्यासारखी उसळ, स्पॅगेटी आणि चिकन किंवा बीफ. शाकाहारी असाल तर उसळीतही मांसाचा तुकडा असतो, ‘सें कार्नी’ म्हणून आधी विचारा, आणि भडंग, चिक्की, मेतकूट सोबत ठेवा. टेबलावर पिवळा दाणेदार फारिन्या असतो, तो आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याच कंदाचा, भाजलेला, भातावर टाकून छान लागतो. मनौसला सकाळी शीस काबोकिन्यो खा, पावात चीज, तळलेलं केळं आणि तुकुमा नावाचं फळ, पोटभर होतं. भाषेला घाबरू नका, पाव, बटाटा, साबण, चावी, बालदी हे सगळे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजातूनच आलेत, थोडे वेगळे ऐकू येतात पण ओळखू येतात, गोव्याच्या लोकांना तर अजूनच सोपं. ट्रान्सलेटचं अ‍ॅप मात्र ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्ही.

रोख लहान नोटांत ठेवा, आपल्या यूपीआयसारखं तिथलं पिक्स सगळीकडे चालतं पण त्याला तिथलं बँक खातं लागतं. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा न्या, जरा फाटलेली नोट पेरूत कोणी घेत नाही.

आणि घरी आधीच सांगून ठेवा की मधले दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरायचं नाही. तिठ्यावर वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, मनौसला साडेनऊ, बेलेमला साडेआठ, त्यामुळे मनौसहून सकाळी अकराला फोन केलात तर घरी रात्री साडेआठ वाजलेले असतात, सगळे जेवायला बसलेले सापडतात.