लाईट जाऊन लगेच परत आली तर? इनरश करंटचं डिझाइन करणाऱ्या नवोदितांसाठी

कुपवाड एमआयडीसीत चार्जर किंवा पॉवर सप्लाय बनवणाऱ्या युनिटमध्ये नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. इनरशचं, म्हणजे सप्लाय चालू करताच क्षणभर येणारा मोठा करंट आवरण्याचं, काम बहुतेक वेळा नव्या माणसाकडेच येतं, कारण वरवर पाहता एक एनटीसी थर्मिस्टर (गरम झाला की रोध कमी होणारा पार्ट) निवडायचा, एवढंच ते दिसतं.

हिशोब खरोखर सोपा आहे. ५०० वॅटचा कन्व्हर्टर घ्या, ब्रिज रेक्टिफायरनंतर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रिकामा कपॅसिटर सुरुवातीच्या क्षणी शॉर्टसारखा वागतो. २३० व्होल्टवर दहा टक्के चढ धरला की २५३, म्हणजे पीक ३५८ व्होल्ट. करंट ३० अँपिअरच्या आत ठेवायचा असेल तर १२ ओहम लागतात. कपॅसिटर भरताना त्यात जेवढी ऊर्जा साठते, जवळपास तेवढीच थर्मिस्टरमध्ये जिरते: अर्धा सीव्हीवर्ग, म्हणजे सुमारे ३० ज्यूल. तिथे काठावरचा पार्ट घेऊ नका. डेटाशीटमध्ये ज्यूलऐवजी कमाल कपॅसिटन्स दिला असेल, तर तो कोणत्या व्होल्टेजला दिलाय ते आधी पाहा.

चालू करंट मात्र कमी व्होल्टेजला काढायचा. १८० व्होल्ट, ९० टक्के एफिशियन्सी आणि पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) नसल्याने ०.६५ पॉवर फॅक्टर धरला तर पावणेपाच अँपिअर येतो. म्हणून ५ अँपिअरचा थर्मिस्टर मी घेणार नाही. एप्रिलमध्ये सांगलीत बंद पत्र्याच्या पेटीतलं तापमान विचारात घ्या आणि डीरेटिंगचा, म्हणजे तापमानानुसार चालणारा करंट किती घटतो त्याचा, आलेख उघडा.

इथवर सगळे येतात. माझं खरं सांगणं पुढचं आहे.

एनटीसी गरम झाला की त्याचा रोध ओहमच्या आत येतो, तेच त्याचं काम. पण लाईट गेली आणि दोन-तीन सेकंदांत परत आली, तर? फुल लोडवर कपॅसिटरमधली बहुतेक ऊर्जा ०.१ सेकंदाच्या आत संपते. थर्मिस्टर थंड व्हायला मिनिटभर तरी लागतं. म्हणजे कपॅसिटर जवळजवळ रिकामा आणि संरक्षण गायब. ब्रिज, फ्यूज, एमसीबी यांच्यावर खरा घाव तेव्हा बसतो. आपल्याकडे पावसाळ्यात फीडर असा किती वेळा झटका देतो, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून थंड स्टार्टची चाचणी पास झाली की थांबू नका. अर्धा तास फुल लोडवर चालवा, बंद करा, दोन सेकंदांनी चालू करा. वेव्हच्या पीकवर स्विच पडेलच असं नाही, त्यामुळे बऱ्याच वेळा करा. साध्या क्लॅम्प मीटरला हा झटका दिसत नाही. करंट प्रोब लावून ऑसिलोस्कोपवर पाहा. स्कोपची ग्राउंड क्लिप मेन्सच्या बाजूला कधीही लावू नका.

एवढ्या पॉवरला मी थर्मिस्टरवर बायपास रिले लावते, म्हणजे स्टार्ट झाल्यावर करंट थर्मिस्टरऐवजी रिलेतून जातो. थर्मिस्टर चालताना गरमच होत नाही, त्यामुळे पुढच्या स्टार्टला तयार असतो. अट एकच: लाईट जाताच रिले सुटला पाहिजे आणि तो पुन्हा लागेपर्यंत कन्व्हर्टरने लोड उचलता कामा नये. ते इंटरलॉक सर्किटमध्येच घाला.