स्क्विड बनवायचंय? आधी पाण्याशी वैर धरा

स्क्विड म्हणजे अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजणारा, अतिवाहक (रोधाशिवाय वीज वाहणाऱ्या) पदार्थाचा लूप. तो मी वायबीसीओच्या, म्हणजे इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या, पातळ फिल्ममधून बनवते. माझी पहिली धड फिल्म जुलैत मेली. मुंबईची दमट हवा, आणि मी ती रात्रभर टेबलावर उघडी ठेवलेली. तेव्हापासून सिलिका जेलचा डेसिकेटर, म्हणजे ओलावा शोषणारा बंद डबा, आधी, लेझर नंतर, असा माझा क्रम आहे.

सबस्ट्रेट म्हणून, म्हणजे फिल्मखालचा पाया म्हणून, स्ट्रॉन्शियम टायटनेटचा बायक्रिस्टल घ्या, ३० अंशांचा. दोन स्फटिक मुद्दाम तिरके जोडलेले असतात. फिल्म वाढते तेव्हा तिच्यातही तीच शिवण उतरते आणि त्या शिवणीवर जोसेफसन जंक्शन, म्हणजे दोन अतिवाहकांमधला कमकुवत दुवा, आपसूक तयार होतं. एरवी स्फटिकातला जो दोष आपण टाळतो, तोच इथे पैसे मोजून विकत घ्यायचा. फिल्म चढल्यावर शिवण सहज दिसत नाही, म्हणून आधीच सूक्ष्मदर्शकाखाली ती शोधून दोन्ही कडांवर खुणा करा. मी एकदा आळस केला. मास्क (नक्षीचा साचा) सरकला, फिल्मचे अरुंद पूल शिवणीला शिवलेच नाहीत. पाच-पन्नास मायक्रोअँपिअरला व्होल्टेज दिसायला हवं होतं, तिथे मिलिअँपिअर सोडले तरी काटा हलेना.

सबस्ट्रेट हीटरला सिल्व्हर पेस्टने चिकटवतात. खाली हवेचा बुडबुडा राहिला की तेवढा भाग थंड राहतो आणि तिथली फिल्म वाया जाते. हीटर ७५० ते ८०० अंश सेल्सिअस, ऑक्सिजन साधारण ०.३ मिलिबार, लेझर २४८ नॅनोमीटरचा. प्लूमचं, म्हणजे लेझरच्या माऱ्याने वायबीसीओच्या वडीतून उठणाऱ्या झोताचं, टोक सबस्ट्रेटला जेमतेम टेकलं पाहिजे. २०० नॅनोमीटर जाडी पुरे.

आता घाई करू नका. इतक्या तापमानाला फिल्ममध्ये ऑक्सिजन कमी असतो आणि ती अतिवाहक होणारच नसते. चेंबरमध्ये जवळपास वातावरणाच्या दाबाइतका ऑक्सिजन भरा, ४५०-५०० अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास थांबा, मग सावकाश खाली या. हा टप्पा चुकला तर अतिवाहकता ६० केल्विनच्या आसपास येऊन अडकते आणि ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजनात ती फिल्म कुचकामी. चांगली फिल्म काळी आणि आरशासारखी असते, ९० केल्विनच्या आसपास तिचा रोध एकदम शून्यावर येतो. चार तारा जोडून हे मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही, मार्गदर्शक कितीही मागे लागले तरी.

फोटोलिथोग्राफी, म्हणजे प्रकाशाने फिल्मवर नक्षी उतरवणं, नेहमीसारखीच, फक्त डेव्हलपरही (नक्षी उघडी करणारा द्रव) पाण्यातलाच असतो हे विसरू नका. झटपट धुवा, कोरड्या नायट्रोजनने लगेच वाळवा. शिवणीवरचे दोन्ही पूल दोन-तीन मायक्रॉन रुंद ठेवा. नको तो भाग आर्गॉन आयनांनी काढतात. त्यात फिल्म तापली तर निर्वातात ऑक्सिजन पुन्हा निसटतो, म्हणून बैठक पाण्याने थंड हवी. शिवाय मी मिनिटभर चालवून दोन मिनिटं थांबते. कंटाळवाणं आहे, पण फिल्म वाचते.

दोन पुलांमधला लूप लहान ठेवा. ७७ केल्विनला उष्णतेचा गोंगाट इतका असतो की इंडक्टन्स (लूप मोठा तेवढा हा जास्त) शंभर पिकोहेन्रीच्या वर गेला की सिग्नल बुडतो. तेवढ्याशा लूपमध्ये क्षेत्र फारसं शिरत नाही. म्हणून त्याच चिपवर काही मिलिमीटरचा मोठा पिकअप लूप त्याला थेट जोडायचा.

चाचणी म्यू-मेटलच्या, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या, डब्यात करा. मोबाइल दूर, चिमटा पितळेचा, स्क्रूसुद्धा लोखंडाचा नको. नायट्रोजनमध्ये हळूहळू उतरवा, करंट दोन्ही जंक्शनच्या मर्यादेच्या जरासा वर ठेवा आणि बाहेरच्या कॉइलने क्षेत्र बदलत जा. व्होल्टेज पाच-दहा मायक्रोव्होल्टने लाटेसारखं वरखाली झालं तर स्क्विड जिवंत आहे. लूपमधून जाणारा फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) २.०७ × १०⁻¹⁵ वेबरने बदलला की एक लाट पूर्ण होते.

लाट वेडीवाकडी आली किंवा गोंगाट एकाएकी वाढला, तर बहुधा थंड होताना फ्लक्स अडकलाय. चिप ९२ केल्विनच्या वर नेऊन पुन्हा थंड करायची. पण चिपची दांडी ड्यूअरबाहेर (नायट्रोजनच्या थर्मासबाहेर) काढू नका, दव धरेल. मानेतल्या थंड वाफेतच ती वर उचलून धरा, रोध परत आलेला दिसला की सावकाश खाली सोडा.